बूट घातलेला बोका आणि सावळ्याचं गाढव

राजकन्या रानात एकटीच गात असते. फांदीवरचा निळा पक्षी तिच्या सुरात सूर मिसळतो. ती सूर चढवते, पक्षीही चढवतो. ती आणखी वर जाते, पक्ष्याचा गळा फुगत फुगत टम्म होतो आणि बिचारा फट्‌दिशी फुटतो. घरट्यात उरतात ती अंडी. राजकन्या क्षणभर ओशाळते आणि पुढच्याच दृश्यात तापलेल्या दगडावर त्या अंड्यांची न्याहारी चुरचुरत असते.

'श्रेक'मधला (२००१) हा प्रसंग पाहून पोरंही खदखदतात आणि त्यांना घेऊन आलेले आईबापही. पोरांना पक्षी फुटल्याची गंमत वाटते. मोठ्यांच्या मनात त्याच वेळी १९३७ ची 'स्नो व्हाइट' जागी होते. राजकन्या गायली की पाखरं गोळा व्हायचीच, हा दस्तूर तिनं घालून दिलेला. तो मोडला गेला की हसू फुटतं. विडंबनाची पहिली अट हीच, की मूळ गोष्ट ऐकणाऱ्याला तोंडपाठ हवी. अत्र्यांची 'झेंडूची फुले' आज एखाद्या कॉलेजकुमारापुढे ठेवली तर तो नम्रपणे हसतो, खळखळून नाही. ज्या कवितांची टोपी उडवली त्या कविताच त्याला माहीत नसतात.

'श्रेक'ची पाळंमुळं मात्र एका साध्या चित्रपुस्तकात आहेत. विल्यम स्टाइग हा 'न्यूयॉर्कर'चा जुना व्यंगचित्रकार. वयाची ऐंशी उलटल्यावर, १९९० मध्ये त्यानं एका कुरूप राक्षसाची गोष्ट लिहिली. हा राक्षस आपल्या कुरूपतेवर बेहद्द खूश असतो आणि त्याला आपल्याहूनही कुरूप राजकन्या भेटते. त्यावर सिनेमा काढला ड्रीमवर्क्सनं, आणि ड्रीमवर्क्सचे एक संस्थापक जेफ्री कॅट्झनबर्ग १९९४ मध्ये डिस्नेशी फाटल्यावर बाहेर पडलेले. सिनेमातलं ड्युलॉक हे झाडूनपुसून लख्ख केलेलं नगर, तिथल्या रांगांच्या दोऱ्या, गाणाऱ्या लाकडी बाहुल्या, हे सारं डिस्नेलँडवरचं शेलकं तोंडसुख आहे. भाऊबंदकीतून इतकी चांगली कलाकृती क्वचितच निघते. २००१ मध्ये तो कानच्या स्पर्धेत उतरला आणि पुढच्या वर्षी ॲनिमेशनपटासाठी नव्यानं सुरू झालेलं पहिलंच ऑस्कर घेऊन गेला.

पण टोमणे शिळे होतात. पंचवीस वर्षांनीही 'श्रेक' ताजा वाटतो तो बोलीमुळे.

श्रेकला आवाज देणाऱ्या माइक मायर्सनं बरंचसं ध्वनिमुद्रण आपल्या नेहमीच्या उच्चारात उरकलं होतं. मग त्याला वाटलं, हे काही खरं नाही. त्यानं सगळं पुन्हा म्हणायची परवानगी मागितली, या वेळी स्कॉटिश हेल काढून; लहानपणी गोष्टी सांगताना त्याची आई तसाच हेल काढायची. आवाज बदलला म्हणून झालेलं ॲनिमेशनही नव्यानं करावं लागलं, पैसे गेले. तरी सौदा स्वस्तात पडला. ड्युलॉकचा सत्ताधीश लॉर्ड फारक्वाड दरबारी, धुतलेल्या इंग्रजीत हुकूम सोडतो, राक्षस गावाकडच्या खरबरीत बोलीत त्याला उडवून लावतो आणि शेजारचं गाढव एडी मर्फीच्या आवाजात अखंड चुरूचुरू बोलत राहतं. परीकथेच्या राजवाड्यात पायताण न काढता कुणीतरी घुसलंय, हे डोळे मिटले तरी कळतं.

मराठी माणसाला हे ओळखीचं वाटावं. तमाशाच्या गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेली मावशी, म्हणजे लुगडं नेसलेला बाप्या, साक्षात कृष्णाशी हुज्जत घालते. हरिभाऊ वडगावकरांच्या 'गाढवाचं लग्न' या वगाची गोष्ट तर 'श्रेक'च्या सख्ख्या भावासारखी आहे. इंद्राच्या दरबारातला एक गंधर्व आगळीक करतो, शापानं पृथ्वीवर गाढव होऊन पडतो आणि राजकन्येशी लग्न लागल्याखेरीज त्याची सुटका नाही. हे गाढव येतं सावळ्या कुंभाराच्या दारी. दादू इंदुरीकरांनी हा सावळ्या असा काही रंगवला की वगाचं नाव काढलं तरी डोळ्यांसमोर आधी तोच येतो. राजा, प्रधान भारदस्त भाषेत बोलणार; सावळ्या त्यांचा शब्द झेलून, त्याला चिखल फासून परत फेकणार. शाप, उ:शाप, स्वयंवर हे पुराणातलं सामान सगळं जागच्या जागी असतं, त्याला बोली तेवढी कुंभारवाड्याची मिळते.

फरक शेवटी पडतो. लग्न लागतं, शाप सुटतो आणि गाढवाचा देखणा गंधर्व होतो. 'श्रेक'मध्ये चुंबनानंतर राजकन्या फियोना उजळून निघते, खाली उतरते, आणि हिरवी, जाडजूड राक्षसीणच राहते. वगानं शेवटी पुराणाचा मान राखला, एवढंच म्हणायचं. तंबूतून घरी जाणारे लोक नकला करायचे त्या मात्र सावळ्याच्याच.

या हिरव्या राक्षसाच्या गोतावळ्यातलं एक पात्र पुढे बंगळुरूत येऊन राहिलं. 'श्रेक २'मध्ये (२००४) आलेला बूट घातलेला बोका मूळचा शार्ल पेरोच्या १६९७ च्या कथासंग्रहातला. सिनेमात तो अँतोनियो बांदेरासच्या आवाजात तलवार परजतो आणि अडचणीत आला की टोपी छातीशी धरून डोळे असे मोठे करतो की पाषाणालाही पाझर फुटावा. ड्रीमवर्क्सनं २००८ मध्ये पुढे टेक्निकलर म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीशी हातमिळवणी करून बंगळुरूत आपल्यापुरतं वेगळं पथक उभं केलं. आधी टीव्हीसाठीची छोटी कामं झाली, मग २०११ च्या 'पुस इन बूट्स'चा मोठा वाटा तिथं तयार झाला. हिशेब उघड होता: तिकडच्या मानानं इथली मजुरी कमी. पण नुसत्या मजुरीनं बोका जिवंत होत नाही. सेकंदाला चोवीस चौकटी, नव्वद मिनिटांच्या सिनेमाला एक लाख एकोणतीस हजार सहाशे. भुवई कधी उचलायची, शेपटीचं टोक कधी थरथरवायचं, हे कुणीतरी माणूसच ठरवतो, आणि आठवडाभर राबून त्याच्या पदरात मोजके सेकंद पडतात.

परक्या परीकथेची ही थट्टा बंगळुरूच्या पोरांना कशी साधली, असा प्रश्न पडतो खरा. उत्तर कुठल्याही ज्युनिअर केजीत सापडेल. त्या सिनेमातला दगाबाज मित्र आहे हम्प्टी डम्प्टी, आणि दरोडेखोर जोडपं जॅक आणि जिल! हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून इथल्या दोन पिढ्यांनी ती बडबडगीतं घोकली आहेत. घोकलेल्याचा सूड उगवायची संधी कोण सोडेल?

शिवाय बोलीच्या उलाढाली या गावाला नव्या नाहीत. सतराव्या शतकात इथं शहाजीराजांचा दरबार भरे. त्या दरबाराचं वर्णन करणारा 'राधामाधवविलासचंपू' जयराम पिंड्ये यानं लिहिला, आणि तो बारा भाषांत कवन करी. एकानं अर्धी ओळ टाकायची, दुसऱ्यानं आपल्या वळणानं ती पुरी करायची, असा तो खेळ. ड्रीमवर्क्सच्या पथकातली कन्नड, मराठी, तमिळ, मल्याळी पोरं एकाच बोक्याच्या एकाच उडीवर वाद घालत, तेव्हा खेळ थोडाफार तोच असावा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलरचा जगभरचा डोलारा कोसळला. बंगळुरूचं कामही थांबलं आणि चित्रांवर पोट असलेली हजारो माणसं एका फटक्यात रस्त्यावर आली.

बोका मात्र पडद्यावर अजून टोपी छातीशी धरून उभा आहे. सिनेमा संपतो, दिवे लागतात, पोरं पॉपकॉर्नचे रिकामे डबे लाथाडत दाराकडे धावतात. काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांतली नावं सरकत राहतात. अमेरिकी नावं सरली की ओळखीची भारतीय आडनावं येऊ लागतात, एकाखाली एक. तोवर झाडूवाला मधल्या रांगेपर्यंत पोचलेला असतो.