टाक्या मोजत पावसहून राजापूर

एसटीत खिडकीची जागा मिळाली की तुम्ही काय मोजता? कुणी पूल मोजतं, कुणी समोरून येणारे ट्रक. मी पाण्याच्या टाक्या मोजतो!

कामानिमित्त मला रत्नागिरीच्या आडवाटांनी बरंच हिंडावं लागतं. त्यातला माझा लाडका रस्ता पावस, पूर्णगड, आडिवरे करत राजापूरला जाणारा. हायवेने लवकर पोचाल, पण ही मजा हुकेल. हा रस्ता सारखा खाली-वर. खाली खाडी, माड आणि घरं, तर वर जांभ्या दगडाचं उघडं माळरान. त्याला इकडे ‘सडा’ म्हणतात. टाकी बहुधा वाडीच्या वरच्या अंगाला, झाडीत लपलेली.

वरच का बरं? कारण पाणी उताराने धावतं. टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल, तर नळाशी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब येतो. मग धार कशी जोरात! देशावरच्या सपाट गावात ही उंची सिमेंटच्या खांबांनी मिळवावी लागते. कोकणात डोंगर ती फुकट देतो. म्हणून इथल्या कितीतरी टाक्या बुटक्या, जमिनीवर बसकण मारलेल्या. घरं सड्यावरच असली, की मात्र टाकीला लांब पाय फुटतात. पन्नास हजार लिटरची टाकी भरली, तर त्या पायांवर नुसत्या पाण्याचंच ओझं ५० टन. म्हणजे दहा-बारा हत्ती! आणि हे पाणी पुरतं किती? २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं माप आहे माणशी रोज ५५ लिटर. करा भागाकार. नऊशे माणसांना एक दिवस. फक्त एक दिवस!

पूर्णगडच्या पुलावरून मुचकुंदीची खाडी दिसते. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, पण खारट. पिण्याच्या कामाचं नाही. खरं तर या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सगळा जागच्या जागी साठला, तर तुमच्या वर्गाच्या छताला टेकेल! तरी एप्रिल-मे महिन्यांत काही वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. जांभा सच्छिद्र असतो. त्यात पाणी मुरतं, पण टिकत नाही, खालच्या अंगाने झऱ्यांतून निघून जातं. उरलेलं पऱ्ह्यांतून धडाधड खाडीत. सह्याद्रीपासून समुद्र लांब नाही ना!

तेव्हा नवी कोरी टाकी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. टाकीखालच्या विहिरीकडे बघा. टाकीचं पाणी येतं ते बहुधा खाली नदीकाठच्या विहिरीतून. ते वर चढवतो पंप आणि पंपाला लागते वीज. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडकडे विजेचे खांब आडवे झाले, कितीतरी गावं बरेच दिवस अंधारात होती. वीज नाही तर पंप नाही, पंप नाही तर टाकी रिकामी. अशा वेळी उपयोगी पडते ती रहाट आणि पोहरा असलेली जुनी विहीर. तुमच्या वाडीत कुणी विहीर बुजवायला निघालं असेल, तर त्यांना हे जरूर ऐकवा. लहान तोंडी मोठा घास झाला तरी चालेल!

राजापूर शहराची युक्ती निराळी. इंग्रजांच्या काळात तिथे कोदवलीला धरण बांधलं आणि पाणी उताराउतारानेच शहरात आणलं. त्या पाण्याला पंपाचं कामच नव्हतं. मला ही सोय भारी आवडते.

आता टाकी ओळखायची एक खूण सांगतो. टाकी पूर्ण भरली की वरच्या नळीतून पाणी खाली सांडतं. जिथे रोज सांडतं, तिथे टाकीच्या बुडाशी अळूचं रान माजलेलं असतं. मे महिन्यात गावी जाल तेव्हा बघा, तुमच्या टाकीखालचा अळू हिरवा आहे की करपलेला.