विटांच्या भिंतीवरील नावे

नोव्हेंबर महिना उजाडला, घराघरांतून मृतांच्या नावांच्या चिठ्ठ्या आमच्या टेबलावर येऊन पडू लागल्या, की आम्हांस दूरदेशीची एक भिंत आठवते. ती भिंत कोण्या चर्चची नव्हे, दफनभूमीचीही नव्हे. ती आहे एका क्रीडांगणाची. तिची हकीगत आम्ही आजवर कोणास सविस्तर सांगितली नाही, कारण तीत आमची स्वतःची थोडी फजिती आहे. परंतु वाचकांपासून ती लपवून तरी काय साधणार?

२०१६ च्या ऑक्टोबरात काही आठवडे शिकागो शहरी आमचे वास्तव्य होते. शहराच्या उत्तर भागातील एका धर्मग्रामात, तेथील धर्मगुरूंचे पाहुणे म्हणून आम्ही उतरलो होतो. मिशिगन सरोवरावरून येणारा बोचरा वारा, रस्तोरस्ती गळून पडलेली तांबूस पाने, आणि जिकडे पाहावे तिकडे खिडक्या-खिडक्यांतून लटकणारी एक पांढरी पताका. तीवर निळ्या रंगात ‘डब्ल्यू’ हे एकच अक्षर. देशाच्या अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आलेली होती; आम्हांस वाटले, हे कोण्या पक्षाचे निशाण असावे. तसे आम्ही बोलूनही दाखविले. यजमान धर्मगुरू पोट धरून हसले. ते निशाण होते ‘शिकागो कब्स’ नामक बेसबॉल संघाच्या विजयाचे. सामना जिंकला की मैदानावर हे निशाण चढते आणि हरला की दुसरे, ज्यावर ‘एल’ हे अक्षर असते. शेजारून उंच पुलावरील आगगाडीने जाणाऱ्या चाकरमान्यांस निकाल डब्यात बसल्याबसल्या कळावा, हा त्यातील हेतू.

बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊ. चेंडू फेकावयाचा, दांडूने टोलवावयाचा, आणि धावत जाऊन चार टप्पे पुरे केले की एक धाव. दोन्ही संघांचे नऊ-नऊ डाव. मोसम एप्रिलच्या सुमारास सुरू होतो आणि सप्टेंबर सरेपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. जवळ जवळ रोजचाच सामना. अखेरीस दोन साखळ्यांचे विजेते समोरासमोर येतात आणि सातांपैकी चार सामने जिंकणारा जगज्जेता ठरतो. या शेवटच्या झुंजीस ‘वर्ल्ड सीरीज’ म्हणतात. कब्स हा देशातील अत्यंत जुन्या संघांपैकी एक. १८७६ साली पहिली मोठी साखळी स्थापन झाली, तेव्हापासूनचा. १९०७ आणि १९०८ अशी लागोपाठ दोन वर्षे तो जगज्जेता झाला. त्यानंतर मात्र एकदाही नाही. सात वेळा अंतिम झुंजीपर्यंत पोहोचला आणि सातही वेळा हरला. त्यांतील शेवटची वेळ १९४५ ची. १०८ वर्षांचा हा उपवास २०१६ च्या त्या शरदात सुटतो की काय, या विचाराने सारे नगर अस्वस्थ होते. समोर होता क्लीव्हलंडचा संघ.

आमच्या यजमानांच्या चर्चमध्ये रोज पहाटे दार उघडणारे ऐंशी वर्षांचे एक विधुर गृहस्थ होते. वंशाने पोलिश, वडील क्लार्क रस्त्याच्या ट्रामवर कंडक्टर होते. मनोमन आम्ही त्यांस आजोबाच म्हणत असू. ३० ऑक्टोबरच्या रविवारी मिस्सानंतर ते आमच्यासमवेत जेवावयास बसले. आदल्या रात्री कब्सने चौथा सामना गमावला होता. क्लीव्हलंड तीन-एकने पुढे होते. आजोबा काटा-चमचा नुसता फिरवीत होते. त्यांची ती अवस्था पाहून आम्ही, थोड्या थट्टेने आणि थोड्या उपदेशाने, म्हणालो, “जो संघ शंभर वर्षे हरतो, त्याच्यापायी एवढा जीव टाकणे म्हणजे मायेचा अपव्यय नव्हे काय? एखादा जिंकणारा संघ का धरू नये? याच शहराच्या दक्षिणेस दुसरा संघ आहे. तो तर २००५ साली जिंकला असे ऐकतो.”

आजोबा काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, “संघ निवडावयाचे नसतात, फादर. बापाने माझा हात धरून मला तेथे नेले, एवढेच.” आणि ते ताट उचलून स्वयंपाकघरात गेले. आपण काहीतरी कठोर बोललो, हे आम्हांस त्यांच्या पाठीकडे पाहूनच कळले.

त्या रात्री कब्स ३-२ ने जिंकले. दुसरे दिवशी सामना नव्हता. सकाळी आजोबा दारात उभे. “चला फादर, मैदान दाखवितो,” एवढेच म्हणाले.

त्या मैदानाचे नाव रिग्ली फील्ड. ते बांधले गेले १९१४ साली, आणि वाचकांस नवल वाटेल, पण त्या जागी पूर्वी लुथरपंथीयांची सेमिनरी होती! १९१६ पासून कब्स तेथे खेळू लागले. पुढे च्युइंगगमचे कारखानदार विल्यम रिग्ली यांचे नाव त्यास मिळाले. हे मैदान शहराबाहेर माळावर नाही. भर वस्तीत, राहत्या घरांच्या मध्ये, एखाद्या गावच्या चर्चसारखे ते उभे आहे. समोरच्या घरांच्या गच्च्यांवरून लोक खेळ पाहतात. आतील भिंतीवर १९३७ साली वेली लावल्या. टोलविलेला चेंडू त्यांत अडकून गडप झाला तर फलंदाजास दोन टप्पे बहाल करावयाचे, असा तेथील खास नियम आहे. त्याच वर्षीचा धावफलक अजून माणसेच हातांनी फिरवितात. १९४१ साली दिव्यांचे सामान खरेदी झाले होते, परंतु पर्ल हार्बरवर हल्ला होताच ते युद्धकार्यास देऊन टाकण्यात आले. मग दिवे लागले ते थेट १९८८ च्या ऑगस्टात. तोवर तेथे सामने सूर्यप्रकाशातच होत.

“म्हणून तर आम्ही मुले या संघाची झालो,” आजोबा म्हणाले. शाळा सुटल्यावर घरी यावे तो रेडिओवर शेवटचे डाव चालू असत. बहुतेक मालकांस भीती होती की रेडिओने तिकिटे खपणार नाहीत; रिग्ली यांनी १९२५ च्या सुमारासच रेडिओस मैदान मोकळे केले. त्यामुळे दूरदूरच्या शेतवाड्यांवर, ज्यांनी शिकागो कधी डोळ्यांनी पाहिले नाही अशा कुटुंबांतही कब्स घरचे झाले. पुढे दूरचित्रवाणीची भर पडली. आई भांडी घासता घासता ऐके, बाप कामावरून येऊन ऐके, आणि मूल त्यांच्या चेहऱ्यांवरून हार-जीत ओळखावयास शिके.

१९४५ साली नऊ वर्षांच्या आजोबांना वडिलांनी अंतिम झुंजीचा एक सामना पाहावयास नेले होते. त्याच झुंजीत विल्यम सियानिस नामक एका ग्रीक खानावळवाल्यास त्याच्या बोकडासह मैदानातून बाहेर काढण्यात आले आणि त्याने संघास शाप दिला, अशी लोककथा आहे. आजोबा शापाबिपावर विश्वास ठेवीत नसत. “बोकडास कशाला दोष? आम्ही वाईट खेळलो,” ते म्हणाले. १९६९ साली उन्हाळाभर कब्स अग्रस्थानी होते. सप्टेंबरात सारे ढासळले. त्यानंतरच्या हिवाळ्यात वडील वारले. शेवटच्या आजारातही “पुढच्या वर्षी” हे शब्द त्यांच्या तोंडी होते म्हणे.

क्लार्क रस्त्याने उत्तरेस अर्ध्या मैलावर ग्रेसलंड नावाची जुनी दफनभूमी आहे. आजोबांनी आम्हांस तेथेही नेले. साखळीचे एक संस्थापक विल्यम हल्बर्ट (मृत्यू १८८२) यांची कबर तेथे आहे. तीवरचा दगड बेसबॉलच्या चेंडूच्या आकाराचा, आणि त्यावर साखळीतील शहरांची नावे कोरलेली. त्याच भूमीत एर्नी बँक्स चिरविश्रांती घेत आहेत. १९५३ साली ते कब्सचे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू झाले. १९७१ पर्यंत केवळ याच संघाकडून खेळले. ५१२ वेळा त्यांनी चेंडू सीमेपार धाडला. १९५८ आणि १९५९ अशी दोन वर्षे ते साखळीतील सर्वोत्तम खेळाडू ठरले. आणि तरीही मोसमानंतरच्या मोठ्या झुंजीत एकही सामना खेळण्याचे त्यांच्या नशिबी आले नाही. ऊन छान पडले की आज एकाऐवजी दोन सामने खेळू या, असे ते म्हणत. २०१५ च्या जानेवारीत ते गेले. विजयाची घटका अवघी पावणेदोन वर्षे दूर होती. आजोबांनी टोपी काढली आणि क्षणभर उभे राहिले. आम्हीही राहिलो.

परतताना आम्ही विचारले, “या प्रेमात काही खोट नाही काय?” तेव्हा त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली. २००३ साली अंतिम झुंजीस अवघे पाच गडी बाद व्हावयाचे उरले असता, मैदानाबाहेर जाणाऱ्या चेंडूकडे अनेक प्रेक्षकांनी हात पुढे केले. त्यांतील एका तरुणाचा हात चेंडूस लागला आणि झेल हुकला. त्यानंतर खेळाडूंनी ज्या चुका केल्या त्या सर्व विसरून लोक त्या एका तरुणावर उलटले. त्यास संरक्षणात बाहेर न्यावे लागले. पुढे कित्येक वर्षे तो लोकांच्या दृष्टीआड राहिला. “त्या दिवशी मीही घरात ओरडलो होतो, फादर,” आजोबा म्हणाले. “त्याचा मी कन्फेशनमध्ये उच्चार केला.” आपल्या माणसांवरील प्रेम परक्यावर क्रौर्य करावयास किती लवकर शिकते! (२०१७ साली संघाने त्या गृहस्थास सन्मानाने विजयाची अंगठी दिली, हे येथे नमूद करणे उचित होय.)

१ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणादिवशी, कब्सने सहावा सामना जिंकून बरोबरी साधली. निर्णायक सामना आला तो २ नोव्हेंबरला, म्हणजे मृत विश्वासूंच्या स्मरणदिनी. सायंकाळी चर्चमध्ये मृतांची नावे वाचली गेली. नंतर आम्ही आजोबांच्या घरी गेलो. आठव्या डावापर्यंत कब्स ६-३ ने पुढे होते. मग क्लीव्हलंडच्या राजाई डेव्हिसने एक टोला हाणला आणि ६-६ अशी बरोबरी झाली. आजोबांची नात रडू लागली. आजोबा स्वस्थ होते. अशा प्रसंगांची त्यांस सवय होती. नवव्या डावानंतर पाऊस आला आणि खेळ १७ मिनिटे थांबला. त्या अवधीत कब्सच्या जेसन हेवर्डने, ज्यास वर्षभर फलंदाजीत यश नव्हते, सोबत्यांस एका खोलीत गोळा करून धीर दिला, असे मागाहून वाचले. दहाव्या डावात बेन झोब्रिस्टच्या टोल्याने आघाडी मिळाली. सामना ८-७ ने कब्सचा झाला. क्लीव्हलंडमध्ये मध्यरात्र उलटली होती, परंतु शिकागोच्या घड्याळात बारा वाजावयास काही मिनिटे बाकी होती. स्मरणदिन अजून सरला नव्हता.

रस्त्यावर भोंगे, घंटा, आरोळ्या यांचा कल्लोळ उडाला. आजोबा उठून आतल्या खोलीत गेले आणि वडिलांची जुनी, रंग उडालेली टोपी घेऊन आले. ती मांडीवर ठेवून बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “क्लीव्हलंडवाले १९४८ पासून वाट पाहत आहेत. तिकडेही कोणी आपल्या बापाची टोपी घेऊन बसला असेल.” त्या रात्री एक मुलगा दूरवर गाडी हाकीत जाऊन वडिलांच्या कबरीपाशी बसून रेडिओवर सामना ऐकत होता, असे आम्ही नंतर वृत्तपत्रात वाचले, तेव्हा आम्हांस आश्चर्य वाटले नाही.

दुसरे दिवशी त्या मैदानाच्या बाहेरील विटांच्या भिंती आम्ही पाहिल्या. वेव्हलंड आणि शेफील्ड या दोन रस्त्यांच्या बाजूस, जेथवर हात पोहोचे तेथवर, रंगीत खडूंनी नावेच नावे लिहिलेली. आईचे, बापाचे, आजीचे, भावाचे. ज्यांनी आयुष्यभर वाट पाहिली आणि जे पाहण्यास उरले नाहीत त्यांचे. ज्यास उंच लिहावयाचे तो दुसऱ्याच्या खांद्यावर चढे. अनोळखी माणसे एकमेकांस खडू देत होती. एवढी गर्दी असून आवाज मात्र हलका, दफनभूमीत असतो तसा. आजोबांनी वडिलांचे नाव लिहिले, आईचे लिहिले, आणि उरलेला खडूचा तुकडा आमच्यापुढे धरला. “आपल्या वडिलांचे नाव, फादर?”

आम्ही म्हणालो, “त्यांनी हा खेळ जन्मात पाहिला नाही.”

“पण त्यांनी आपणांस कुठेतरी हात धरून नेले असेल ना?”

आमचे डोळे भरून आले. शेजारच्या गावच्या फेस्ताला चिखलातून आम्हांस खांद्यावर बसवून नेणारे आमचे वडील आठवले. आपल्या धर्मावरील, भाषेवरील, गावावरील माया आम्ही तरी कोठे निवडली होती? आम्ही वाकून, एका विटेवर, देवनागरी अक्षरांत त्यांचे नाव लिहिले. मग रविवारच्या जेवणावेळच्या शब्दांबद्दल आजोबांची क्षमा मागितली. त्यांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॉफी प्यावयास नेले.

४ तारखेस विजयाची मिरवणूक निघाली. नदीचे पाणी निळे रंगविले होते. शहराच्या अंदाजाप्रमाणे पन्नास लाख माणसे लोटली. आजोबा गेले नाहीत; चर्चचे दार त्यांनी नेहमीच्या वेळी उघडले.

खडूची अक्षरे ती. पावसापुढे टिकावयाची नव्हती. काही वर्षांमागे आजोबाही देवाघरी गेले. नातीने पत्रात लिहिले की ती आजही मैदानावर जाते. संघ पुष्कळदा हरतो. टोपी आता तिच्याकडे आहे.

वाचकहो, चिठ्ठीवर नावे लिहून पाठवाल तेव्हा घरातील लहानग्यांस जवळ बसवा, आणि त्या आजी-आजोबांनी तुम्हांस हात धरून कोठे नेले होते, तेही त्यांस सांगा. चिठ्ठ्या या रविवारपर्यंत आमच्याकडे पोहोचाव्यात.