जालन्याहून मालवणला

मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातले बंदराचे गाव. समोर कुरटे बेट, बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आणि मध्ये होडीने काही मिनिटांत ओलांडता येईल एवढे पाणी. जालन्याच्या माणसाला अलिबाग त्याहून जवळ पडते. तरीही समुद्र, बेट आणि ताटातला मासा एकाच मुक्कामात हवा असेल, तर मालवणची लांबची वाट परवडते.

जालना आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आले. जन्मतारीख एक, पत्रिका मात्र वेगळ्या. जालन्यात वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, सिंधुदुर्गात तीन हजारांच्या वर. एकाच्या आठवणीत टँकरच्या रांगा आणि २०१२-१३चा दुष्काळ, तर दुसऱ्याला १९९७ मध्ये पर्यटन जिल्ह्याचा दर्जा. कुंडलिका आणि दुधनाकाठचा माणूस समुद्रासमोर उभा राहतो तेव्हा त्याची नजर पाण्याचा हिशेब मांडणारीच असते, आणि मालवण त्या नजरेला भरपूर काही दाखवते.

रेल्वेने जायचे तर आधी मुंबई गाठून कोकण रेल्वेने कुडाळ किंवा कणकवलीला उतरावे लागते. गाडीने कोल्हापूरवरून राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरता येतो. घाटमाथ्यापर्यंत ऊस आणि ज्वारी सोबत करतात. घाट संपला की माती तांबडी होते, घरे कौलारू दिसू लागतात आणि हवेला दमट वास येतो.

जायचा काळ नोव्हेंबर ते मार्च. भूमध्य समुद्रातल्या बेटांवर उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, म्हणून तिकडची गर्दी जून ते ऑगस्टमधली. मालवणात याच्या नेमके उलट. जूनमध्ये दर्या खवळतो, किल्ल्याच्या होड्या बंद होतात आणि जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही सरकारी बंदी असते. भरती-ओहोटीही भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी जेमतेम जाणवते. इथे मात्र पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते, आणि गावाचे निम्मे वेळापत्रक त्यावरच ठरते.

शिवाजी महाराजांनी बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली. भूमिपूजनाची जागा, मोरयाचा धोंडा, आजही किनाऱ्यावर दाखवतात. बांधकाम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झाले आणि पायाच्या दगडांत शिसे ओतले गेले. तट सुमारे तीन किलोमीटर नागमोडी फिरतो. महाद्वार त्याच्या वळणात असे दडवले आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत ते दिसत नाही. दाराजवळ दोन लहान घुमट्या आहेत. त्यांत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे शिवाजी महाराजांचे म्हणून पूजले जातात. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने मोगलांच्या ताब्यातली जालन्याची श्रीमंत पेठ लुटली होती. म्हणून या तटावर उभ्या राहिलेल्या जालनेकराला इतिहासाचे दुसरे टोक घरचेच सापडते.

किल्ल्यातले खरे नवल तटापेक्षा विहिरींत आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींचे पाणी गोडे, आणि तटाबाहेर चहूकडे खारे. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खाऱ्या पाण्याहून हलका असल्याने त्याच्या वर थर धरून राहतो. उपसा बेताचा असेल तोवर हा थर टिकतो, हात सैल सुटला की खालून खारे पाणी वर चढते. भूमध्य समुद्रातल्या माल्टात हेच झाले. तिथल्या भूजलात खारेपणा वाढला आणि आता पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा समुद्राचे पाणी गोडे करून मिळवावा लागतो. बोअर किती खोल गेला यावर गप्पा मारणाऱ्या जालन्याच्या माणसाला हा धडा समजावून सांगावा लागत नाही.

गावालगतचा चिवला किनारा शांत आणि पोरांना खेळायला बरा. दक्षिणेला वायरी, तारकर्ली आणि देवबाग ओळीने येतात. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा भरतीला झाकतो आणि ओहोटीला उघडा पडतो. किल्ल्याजवळच्या पाण्यात प्रवाळ आणि रंगीत मासे पाहायला स्कुबाच्या डुबक्या होतात. १९८७ मध्ये इथला सागरी टापू अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पाण्याची ओढ वरून कळत नाही. विहिरीतल्या पट्टीच्या पोहणाऱ्यानेही आधी स्थानिक मच्छीमाराला विचारावे.

पहाटे नशीब असेल तर रापण पाहायला मिळते. होडी जाळे टाकत अर्धगोल फिरून परत येते. जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर असतात आणि दोन रांगा ती लयीत ओढतात. जाळे आवळत आले की पाणी आधी चंदेरी थरथरते, मग तारली आणि बांगडे वाळूवर उड्या मारू लागतात. मासळीचे वाटे तिथेच पडतात. ओढायला हात लावणारा सहसा रिकाम्या हाताने जात नाही.

ताटाची सुरुवात याच मासळीपासून होते. बांगड्याच्या तिखल्यात सुके तिरफळ पडते. बी काढून, सालच तेवढी हलकी ठेचून घातली की रश्श्याला तिखट वास आणि जिभेला किंचित बधिर करणारी चव येते. तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके, सुरमईची तुकडी आणि मोरीचे (लहान शार्कचे) मटण ही पुढची पायरी. कोंबडी-वड्यांतले वडे तांदूळ आणि उडदाच्या पिठाचे, धणे-मेथीचा वास असलेले. शेवटी कोकमाचा आगळ आणि नारळाचे दूध यांची सोलकढी. माळकरी किंवा मांसाहार न करणाऱ्या जालन्याच्या घरांचीही अडचण होत नाही. काळ्या वाटाण्याचे सांबारे, आंबोळी, घावणे, कुळथाची पिठी आणि नारळाच्या गोड रसातले शिरवाळे त्यांच्यासाठी आहेतच. ज्वारीची भाकरी मात्र क्वचितच मिळते. इथे मुळात भाताचे राज्य.

परतताना मालवणी मसाला, काजू, आगळ आणि खाजा घेतला जातो. खाजा म्हणजे तळलेल्या बेसनाच्या कांड्यांवर आले घातलेल्या गुळाचा थर. तो प्रवासात टिकतो. मसाला वांग्याच्या रश्श्यालाही चालतो. आगळ सर्वांत कामाचा. पाणी, साखर आणि मीठ घातले की एप्रिल-मेच्या उन्हात मोसंबीच्या रसाच्या जोडीला कोकमाचे सरबत तयार होते.