पलंगाखालचा मोजा

चिंगी माजावर येऊन गेली की दोनेक महिन्यांनी घरातला एक मोजा नाहीसा व्हायचा. शोधावा लागत नसे. पलंगाखाली जुनी गोधडी उकरून केलेल्या खळग्यात, त्याला पोटाशी घेऊन ती पडलेली असायची. हात पुढे केला की घशातल्या घशात गुरगुरायची. आचळांना खरंच दूध उतरलेलं असे. कुत्रा तर कधी आसपासही फिरकला नव्हता.

आई हळहळायची, "बघ, जिवाला किती आस आहे. एक वेत होऊ दे, मग करा तुमचं ऑपरेशन."

एकदा व्यायल्यानं कुत्रीची तब्येत सुधारते याला काडीचा आधार नाही, हे डॉक्टर पहिल्या वर्षीच सांगून चुकले होते. उलट त्रेसष्ट दिवसांचं गाभणपण, अडलेलं पिल्लू, आणि चिंगीएवढ्या लहान चणीच्या कुत्रीला पिल्लं पाजताना रक्तातलं कॅल्शियम उतरून येणारे झटके. पण मला दुसरी बाजूही ऐकायची होती, म्हणजे खरं तर निर्णय लांबवायचा होता. ऑपरेशननं वजन वाढतं, म्हातारपणी काहींची लघवी गळते, मोठ्या जातींत घाई केली तर सांधे दुखावतात. चिंगी मोठ्या जातीची नव्हती, तरी हेही मी मनात धरलं! 1969 सालच्या एका अमेरिकी अभ्यासातले आकडे मी वहीत उतरवले होते: न केलेल्या कुत्रीच्या मानानं स्तनांच्या गाठींचा धोका पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर 0.5 टक्के, एका माजानंतर 8, त्यापुढे 26. पुढे कुणी तो पुरावा तोकडा ठरवला, तेही लगेच खाली लिहिलं. वही भरत गेली. ना वेत झालं, ना ऑपरेशन.

मोज्याचं कोडं मला फार उशिरा उलगडलं. माजानंतर कुत्री गाभण असो वा नसो, तिच्या अंगात प्रोजेस्टेरॉन दोनेक महिने रेंगाळतं. ते ओसरू लागलं की रिकाम्या कुशीच्या कुत्रीलाही पान्हा फुटतो. आस कुठली, शरीराचा तो ठरलेला फेरा. आणि त्याच संप्रेरकानं दर माजाला गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, जंतूंना ऊबदार घर मिळतं. बाईची पाळी थांबते तसा कुत्रीचा माज कधी थांबतही नाही.

नवव्या वर्षी भाद्रपदात माज झाला. कोजागिरी उलटली आणि चिंगी पाणी पिऊ लागली. वाडगा भरावा, तिनं चाटूनपुसून रिकामा करावा, पुन्हा माझ्याकडे बघावं. भाकरीला तोंड लावीना. बाहेर एक थेंब दिसत नव्हता. गर्भाशयाचं तोंड मिटलेलं, आणि आत पू.

रात्री साडेदहाला डॉक्टरांनी ट्रे पुढे केला. कुत्रीचं गर्भाशय गलोलीच्या बेचक्यासारखं असतं, दोन्ही फांद्या एरवी पेन्सिलीएवढ्या. या मनगटाएवढ्या फुगल्या होत्या. मी वहीतलं काहीच आठवू शकलो नाही.

चिंगी वाचली. आता मोजे जोडीनं दोरीवर वाळतात. आई मात्र अजून एक जुना मोजा पलंगाखाली सारून ठेवते. केर काढताना तो तिथंच सापडतो, घडीसुद्धा न मोडलेला.