साणंदची चिप आणि घसाऱ्याचा हिशेब

आम्ही बडोद्याचे, माझी चौथी पिढी. मी बी.कॉम., सगळी नोकरी बँकेत. कारखान्याची कर्जाची फाइल आली की पगारावर खर्च किती आणि यंत्रांवर किती, हे आधी बघायचं. ती सवय अजून सुटलेली नाही.

परवा दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारीणबाईंचा नातू आला होता. इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. म्हणाला, "आजोबा, साणंदला मायक्रॉन, धोलेऱ्याला टाटा. आपल्याकडे मजुरी स्वस्त म्हणूनच येतायत ना? मग आमची भरती भराभर होणार!"

मी कागद पुढे ओढला. मायक्रॉनने जून २०२३ मध्ये प्रकल्प जाहीर केला तेव्हा एकूण खर्च धरला होता २.७५ अब्ज डॉलर, म्हणजे सुमारे साडेबावीस हजार कोटी रुपये. थेट नोकऱ्या ५,००० पर्यंत, त्याही काही वर्षांत मिळून. भागाकार केला तर एका नोकरीमागे साडेचार कोटी! त्यातला ५० टक्के भार केंद्राचा, २० टक्के गुजरात सरकारचा. आता सांगा, पगार चार पैसे कमी म्हणून एवढा पैसा कोण ओतेल?

एके काळी मात्र मजुरीच बघत. अमेरिकेच्या फेअरचाइल्डने १९६० च्या दशकात जोडणीचं काम हाँगकाँगला नेलं ते त्यासाठीच. बायका सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून केसाहून बारीक तारा हाताने जोडत. आज यंत्र सेकंदाला कितीतरी तारा जोडतं. सिलिकॉनच्या चकत्यांवर चिप घडवणाऱ्या आधुनिक कारखान्यात तर चकत्या बंद डब्यांतून, छताखालच्या रुळांवरून आपोआप फिरतात. तिथे माणूस कमी ठेवतात ते नुसतं पगार वाचवायला नाही. आपल्या अंगावरून, केसांतून कण झडतात आणि एक कणसुद्धा चिप बिघडवतो.

खरा खर्च घसाऱ्याचा. यंत्र चालो की बंद राहो, घसारा लागतोच. म्हणून रात्रंदिवस चालवायचं. बंद पडलेलं यंत्र लवकर चालू करणारा माणूस तिथे मोलाचा.

बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा लेजर लिहिणारे हात नकोसे झाले. २०००-०१ च्या व्हीआरएसमध्ये माझ्या बरोबरीचे कितीतरी जण घरी बसले. पण ताळा जुळेना की चूक शोधून काढणारा माणूस साहेबांना हवाच असायचा.

शेजारीणबाई रागावल्या, "पोराचा उत्साह मोडलात की हो!" पोरगा मात्र विचारत होता, "मग शिकू काय?" मी म्हटलं, व्हॅक्यूम पंप, सेन्सर, रोबोटची दुरुस्ती. याहून जास्त मला सांगता येईना.

आपल्यापैकी कुणाची मुलं-सुना या कामात असतील तर इथे जरूर लिहा. पोरगा वाचतोय.