सीमेपलीकडची रेल्वे आणि तपासणीची जागा

दोन देशांतील शहरांना जोडणाऱ्या प्रवासी रेल्वेची चर्चा बहुधा रूळ, पूल आणि गाडीचा वेग यांभोवती फिरते. परंतु अशा सेवेची खरी क्षमता पासपोर्ट कोठे तपासला जातो आणि त्यासाठी स्थानकात किती जागा राखली जाते, यावर ठरते. सिंगापूर आणि मलेशियातील जोहोर बाहरू यांच्यामधील सामुद्रधुनीत घातलेल्या भरावावरून १९२३ पासून रेल्वे धावते, आणि या जोडीचा इतिहास नियोजनकाराने बारकाईने वाचावा असा आहे.

सिंगापूर स्वतंत्र झाल्यावरही तेथील तंजोंग पागार हे १९३२ सालचे स्थानक मलेशियाच्या रेल्वेकडेच राहिले. १९९८ मध्ये सिंगापूरने आपली तपासणी सीमेलगतच्या वुडलँड्सला हलवली, मलेशियाची मात्र तंजोंग पागारलाच राहिली. परिणामी उत्तरेकडे निघालेला प्रवासी सिंगापूरमधून कागदोपत्री बाहेर पडण्याआधीच मलेशियात दाखल झालेला असे. हा तिढा ३० जून २०११ रोजी ते स्थानक बंद होऊन गाड्या वुडलँड्सपर्यंतच येऊ लागल्या तेव्हाच सुटला.

सिंगापूरमधील वुडलँड्स नॉर्थ ते जोहोर बाहरूतील बुकित चागर हा सुमारे चार किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग एका दिशेने ताशी १०,००० प्रवासी नेण्यासाठी आखलेला असून, त्यात दोन्ही देशांची तपासणी निघण्याच्या स्थानकातच एकापाठोपाठ पूर्ण होते. या पद्धतीला एकत्रित तपासणी म्हणता येईल. तिचा लाभ केवळ प्रवाशाच्या सोयीपुरता नाही. गाडीतून माणसे एकदम उतरतात, तर स्थानकाकडे ती मेट्रो, बस आणि पायवाटांनी थोडी थोडी येत राहतात, त्यामुळे तपासणी निघतानाच झाली की लोंढा आपोआप विरळ होतो. एका प्रवाशाला एका खिडकीवर तीस सेकंद लागतात असे धरले, तर एक खिडकी तासाला १२० जणांना सोडते आणि १०,००० प्रवाशांसाठी प्रत्येक देशाच्या सुमारे ८४ खिडक्या लागतात. म्हणूनच स्वयंचलित दरवाजे येथे चैन नसून पायाभूत गरज ठरतात. ऐन गर्दीत यंत्रणा दहा मिनिटे बंद पडली, तर साडेसोळाशेहून अधिक माणसे साचतात, आणि माणशी एक चौरस मीटर धरल्यास तेवढेच क्षेत्र केवळ थांबण्यासाठी लागते. खर्च कमी करताना नकाशावरून सर्वांत आधी पुसली जाते ती हीच रिकामी जागा, आणि ती पुसणे ही नियोजनातील गंभीर चूक होय.

सिंगापूरच्या टोकाला वुडलँड्स नॉर्थ हे स्थानक थॉमसन–ईस्ट कोस्ट या मेट्रो मार्गाला जोडलेले आहे. जोहोर बाहरूत मात्र तशी मेट्रो नाही, आणि पलीकडे रोज कामाला जाणाऱ्यांना घरापासून बुकित चागरपर्यंत बस, दुचाकी किंवा मोटारीनेच यावे लागते. त्यामुळे तेथील बसथांबे, पादचारी पूल आणि दुचाकींचे वाहनतळ यांचा आराखडा नव्या रेल्वेपुलाइतक्याच काळजीने करावा लागेल.