टायर बसला, आम्हीही बसलो

मुंबईकराला दोनच दिशा कळतात. चर्चगेटकडे आणि चर्चगेटपासून लांब. (सेंट्रलवाल्यांनी इथे सीएसएमटी वाचावं.) उत्तर-दक्षिण आपण झोपेतसुद्धा जाऊन येतो. वांधे होतात ते वेस्टर्नवरून सेंट्रलला जायचं म्हटल्यावर.

आमचं घर बोरिवलीला, आत्याचं मुलुंडला. नकाशात बघितलं तर शेजारी-शेजारी. पण मधे अख्खं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आडवं पसरलंय. शंभराहून जास्त चौरस किलोमीटर जंगल, दोन तलाव आणि बिबटे. ट्रेननं जायचं तर दादरपर्यंत खाली उतरा, लाइन बदला, पुन्हा तेवढंच वर चढा. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो आली आणि दादर टळलं. तरी बोरिवली-अंधेरी-घाटकोपर-मुलुंड अशी तीन गाड्यांची वरात निघतेच. म्हणून दर भाऊबीजेला आम्ही बाइकनं जातो. हायवेनं गोरेगाव, तिथून आरेतून पवई, मग जेव्हीएलआर आणि एलबीएस मार्गानं मुलुंड. बाबा गाडी चालवणार, मी मागे करंज्यांचा डबा धरून बसणार.

गाडी म्हणजे बाबांची स्प्लेंडर प्लस, २००६ च्या दिवाळीत घेतलेली. नंबर एमएच ०२, कारण तेव्हा बोरिवलीला स्वतःचं एमएच ४७ मिळालं नव्हतं. पंधरा वर्षांनी तिचं पासिंग परत करून घेतलं, ग्रीन टॅक्स भरला. लोक म्हणाले, काढून टाका आता. बाबांनी ऐकून घेतलं आणि चेनला तेल दिलं.

गेल्या भाऊबीजेला मात्र जागा बदलल्या. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी मागे बसायला परवानगी दिली, उकिडवं बसायला सक्त मनाई केली. म्हणजे गाडी मी चालवणार आणि करंज्यांचा डबा बाबांकडे.

सकाळी साडेसहाला आरेत शिरलो. छान गारवा, जॉगिंगवाल्या काकांचे घोळके, दुधाचे कॅन लावलेल्या मोटरसायकली. आणि मधेच मागचं चाक डुलायला लागलं. केळ्याच्या सालावरून चालल्यासारखं.

"हवा गेली," बाबा मागून म्हणाले.

"पुढे असेल ना पंक्चरवाला," मी म्हटलं आणि गाडी तशीच रेटली.

ही माझी पहिली चूक. उपनगरात आपल्याला सवयच लागलीय. अंधेरीला किंवा घाटकोपरला हवा गेली की हाकेच्या अंतरावर खांबाला टांगलेला जुना टायर दिसतोच, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं 'पंक्चर'. खाली पाण्याचं घमेलं, कंप्रेसर, आणि केरळहून नाहीतर उत्तर प्रदेशातून आलेला एखादा भाई. आपण मोबाइल बघेपर्यंत काम फत्ते! पण आरे म्हणजे अंधेरी नव्हे. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, आत आदिवासी पाडे आणि म्हशींचे तबेले. दोन-तीनशे मीटर गेल्यावर फट्-फट् आवाज यायला लागला आणि बाबांनी खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला लावली.

गाडी रस्त्याच्या बाहेर सपाट जागी घेतली. डबल स्टँडला लावली. बाबांनी वाकून व्हॉल्व्हकडे बघितलं. तो सरळ उभा नव्हता, आडवा झोपला होता.

"गेला मुळातून. आता पॅच नाही बसायचा. ट्यूब बदलायला लागेल."

कारण साधं आहे. हवा नसली की टायर रिमवर पकड सोडतो आणि सरकतो. सरकताना आतल्या ट्यूबला ओढत नेतो. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला, म्हणून तो मुळाशी फाटतो. नुसता खिळा घुसला असता तर चाक न काढता एका बाजूनं ट्यूब बाहेर ओढून पॅच मारता आला असता. रस्त्यावर बहुतेक जण तसंच करतात. माझ्या तीनशे मीटरनी ते काम चौपट वाढवलं.

बाबांनी साइड कव्हर उघडायला सांगितलं. आत टूलकिट, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत पेपरात गुंडाळलेली नवी ट्यूब. पेपरावर बॉलपेननं तारीख लिहिलेली. उलगडली तर टाल्कम पावडरचा वास. त्यांच्या रेग्झिनच्या पिशवीत दोन लोखंडी पट्ट्या, म्हणजे टायर लिव्हर, आणि छोटा पायपंप. इतकी वर्षं ही पिशवी आमच्याबरोबर मुलुंडला जात होती आणि मला वाटायचं, तिच्यात छत्री आहे.

तेवढ्यात एक दूधवाला थांबला. "चाक काढून द्या, मी नेतो पुढे दुकानात. येताना आणून देतो."

मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "तू ठरव."

खरं सांगते, मला 'हो' म्हणायचं होतं. मास कम्युनिकेशनच्या डिग्रीत टायर नसतो. शिवाय २०२१ मध्ये याच आरेत बिबट्यानं माणसांवर हल्ले केले होते, त्याच्या बातम्या मी स्वतः वाचल्या होत्या. पण बाबांचा चेहरा बघितला. एरवी एव्हाना त्यांनी बाह्या वर केल्या असत्या. आज ते दगडावर पाय सरळ करून बसले होते, मांडीवर डबा. मी दूधवाल्याला म्हटलं, "नको भाऊ, आम्ही करतो." तो हसून गेला. दहा मिनिटांत मला त्याची फार आठवण आली.

चाक काढणं तसं सोपं निघालं. ब्रेकच्या रॉडचा नट हातानंच सुटतो. ब्रेक धरून ठेवणाऱ्या पट्टीचा बोल्ट सोडवायचा, त्याची पिन जपून ठेवायची. मग अ‍ॅक्सलचा नट, मग अ‍ॅक्सल ओढून काढायचा. एक छोटा बुश टपकन खाली पडतो, तो सापडला नाही तर खेळ खल्लास. म्हणून बाबांनी आधीच खाली रुमाल पसरायला लावला होता. स्प्लेंडरची एक गंमत म्हणजे चेन आणि तिचं चक्र जागच्या जागी राहतं, नुसतं चाक बाजूला सरकतं. बाबांनी उभं राहून गाडी एका अंगाला कलती धरली आणि मी मडगार्डखालून चाक ओढून काढलं.

आता खरी लढाई. टायरची कड रिमला अशी घट्ट बसलेली की पट्टी आत जाईना. मी दोन्ही हातांनी जोर लावला. पट्टी सटकली, बोटाचं साल निघालं. परत जोर. परत सटकली.

"अगं, जोर कशाला लावतेस? जागा कर त्याला."

"म्हणजे?"

"रिमच्या मधोमध खोलगट भाग आहे बघ. समोरची कड पायानं दाबून त्या खोलात ढकल. मग इकडे ढिल्लं पडेल."

मी बुटाच्या टाचेनं टायर रिमपासून सोडवला, गोल फिरत सगळीकडून दाबला. समोरची कड खोलगट भागात गेली आणि या बाजूला, देवा शप्पथ, पट्टी दोन बोटांनी उचलली गेली! कारण कड ताणत नाही. तिचा घेर ठरलेला असतो. एका बाजूला खोलात गेली तरच दुसऱ्या बाजूला वर यायला सैल मिळते. दुसरी पट्टी चार बोटं सोडून लावली, मग पुन्हा चार बोटं सोडून. एक बाजू निघाली. आत हात घालून फाटकी ट्यूब ओढून काढली.

मी नवी ट्यूब घालायला घेतली तर बाबा म्हणाले, "खिळा काढलास?"

नव्हता काढला. टायरच्या आतून फडकं फिरवलं, सावकाश. नुसती बोटं फिरवायची नाहीत, कापतात. एका जागी फडकं अडकलं. बारीक तारेचा तुकडा, जेमतेम नखाएवढा. तो तसाच राहिला असता तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत गेली असती आणि दुसरी आमच्याकडे नव्हती.

बाबांना इतिहास सांगायची हौस आहे. मी घाम पुसत असताना त्यांनी डनलॉप काढला. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर. मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर दणके खायची म्हणून १८८८ मध्ये त्यानं हवेचा टायर केला. खरं तर रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसानं त्याच्या चाळीसेक वर्षं आधी, १८४५ मध्ये, पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा सायकलीच धड नव्हत्या. सुरुवातीला टायर रिमला चिकटवलेला असायचा, पंक्चर काढायचं म्हणजे तासन्‌तास. १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी सुटा निघणारा टायर आणला. "म्हणजे तुझं काम त्यांनी बरंच हलकं केलंय," बाबा म्हणाले. मला तरी तसं वाटत नव्हतं.

नवी ट्यूब घालताना आधी तिच्यात थोडी हवा भरायची, म्हणजे ती गोल राहते, वळकटी पडत नाही. व्हॉल्व्ह भोकातून बाहेर काढून त्याचा नट दोनच आटे फिरवायचा. कड बसवायला व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात, शेवट व्हॉल्व्हपाशी. आणि पट्टी आत खोल घालायची नाही, नाहीतर आपणच नव्या ट्यूबला चिमटा काढतो. शेवटची वीतभर कड बाटलीतलं पाणी लावून, अंगठ्यांनी, दात-ओठ खात बसवली. मग पंप. दीडशेच्या पुढे मी मोजायचं सोडलं. टायरवर रिमला लागून एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की टायर नीट बसला.

चाक परत चढवलं. मी हात झटकून हेल्मेट उचललं.

"ब्रेक मारून बघ," बाबा म्हणाले.

मी पेडल दाबलं. ते खाली गेलं, जमिनीला टेकल्यासारखं, नुसतं पोकळ. ब्रेकचा रॉड लावायचाच राहिला होता. पुढे उतार होता आणि मागे बाबा बसणार होते, नवा गुडघा घेऊन. मी काही बोलले नाही, तेही काही बोलले नाहीत. रॉड लावला, बोल्टची पिन घातली, चाक हातानं फिरवून पेडल परत दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा.

एक तास दहा मिनिटं. पंक्चरवाल्यानं वीस मिनिटांत केलं असतं. पण त्या तासाभरात मी आरे पहिल्यांदा बसून बघितलं. पाड्यातल्या बायका भाजीच्या टोपल्या घेऊन गेल्या. तबेल्याकडून शेणाचा वास आला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कारशेडसाठी याच आरेत एका रात्रीत झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा मी कॉलेजातून निषेधाच्या पोस्टी टाकल्या होत्या. आत येऊन बसले मात्र कधीच नव्हते.

पुढे भांडुपला सिएटचा कारखाना. या नावातला शेवटचा 'टी' इटलीतल्या तुरिनचा, हेही बाबांनीच सांगितलं. मुलुंडला एका पंक्चरवाल्याकडे हवा नीट करून घेतली. त्यानं चाक फिरवून रेघ बघितली. "किसने चढाया?" मी काळे झालेले हात दाखवले. त्यानं माझ्याकडे बघितलं, परत रेघेकडे बघितलं. "बराबर है." आजवरच्या माझ्या कुठल्याही स्टोरीला एडिटरनं एवढं म्हटलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमची बाइक ट्यूबलेस आहे. मग मज्जा आहे तुमची, स्ट्रिपचं किट आणि पंप पुरे. पण गाडीला तारांचे स्पोक असतील तर बहुधा आत ट्यूबच असते, मग ती जुनी स्प्लेंडर असो की लडाखला न्यायची महागडी बाइक. तेव्हा दोन पट्ट्या, एक ट्यूब, पाना आणि पंप जवळ ठेवा. आणि पहिला प्रयोग रस्त्यावर करू नका. रविवारी बिल्डिंगखाली, वॉचमनकाकांच्या देखरेखीखाली करा. हायवेवर हवा गेली तर पुलावर किंवा वळणावर चाक उघडून बसू नका. आधी गाडी हळूहळू ढकलत सुरक्षित जागी न्या. ढकलत, माझ्यासारखी चालवत नव्हे!

आत्यानं बाबांना ओवाळलं. माझ्या नखांकडे बघून "काय गं हे?" म्हणाली. बाबांनी सगळी हकिगत सांगितली, ब्रेकची गोष्ट तेवढी गाळून.

दुसऱ्या दिवशी मी बोरिवलीत नवी ट्यूब घेतली. पावडर लावली, पेपरात गुंडाळली आणि बाबांपुढे ठेवली. त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं, टोपण उघडलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

"तारीख टाक."